एका फळीवरची दोन घड्याळं

मावशीचं घड्याळ पहिल्यांदा बंद पडलं तेव्हा कुणाचं लक्षही गेलं नाही. वेळ बघायला मोबाइल असतो, आणि भिंतीवर आईचं घड्याळ आहेच. दुसऱ्यांदा बंद पडलं तेव्हा मी लंबकाला बोटानं झोका दिला आणि विसरून गेले. तिसऱ्यांदा मावशी म्हणाली, "राहू दे गं, म्हातारं झालंय ते." वाक्यात काहीच नव्हतं. पण ज्या सुरात ती म्हणाली तो सूर मला खुपला आणि दुसऱ्याच दिवशी मी ते घड्याळ चादरीत गुंडाळून दुरुस्तीला नेलं. तिथल्या काकांनी ते दहा दिवस ठेवून घेतलं. परत आणायला गेले तर ते आपलं मजेत टिकटिक करत होतं. "याला काही झालेलं नाही," काका म्हणाले. "घरी याच्या शेजारी दुसरं लंबकाचं आहे का?" आहे म्हटलं. "एकाच भिंतीवर?" भिंत अशी नाही, लाकडी पार्टिशन आहे. त्यांनी भिंग डोळ्यावरून वर सरकवलं आणि म्हणाले, "मग बरोबर. ते याला खातंय."

घरी येईपर्यंत माझे कान गरम होते.

कारण मी भौतिकशास्त्र शिकवते, आणि नेमकी हीच गोष्ट दरवर्षी वर्गात रंगवून सांगते. नुसती सांगत नाही, करूनही दाखवते. टेबलावर दोन रिकामे डबे आडवे ठेवायचे, त्यांच्यावर एक हलकी फळी, फळीवर पाच मेट्रोनोम, म्हणजे गाणारे ठेका धरायला वापरतात ती टिकटिक यंत्रं. पाचही एकाच वेगावर लावायचे, पण सोडायचे वेगवेगळ्या क्षणी. सुरुवातीला नुसता कलकलाट होतो, पत्र्यावर गारा पडाव्यात तसा. मुलं कंटाळतात, मागच्या बाकांवर कुजबुज सुरू होते. मी काही बोलत नाही. मग कधीतरी त्या आवाजात गाठी पडायला लागतात. दोन टोले एकमेकांना चिकटतात, तिसरा त्यांच्यामागं धावतो. फळी डब्यांवर डावी-उजवीकडं सरकताना दिसू लागते, आणि एका क्षणी, नेमका कुठला ते आजवर मला पकडता आलेलं नाही, पाचांचा मिळून एकच आवाज होतो. टक. टक. टक. वर्गात पिन पडली तरी ऐकू येईल अशी शांतता. इतक्या वर्षांनंतरही माझ्या अंगावर काटा येतो आणि मी तो लपवण्यासाठी फळ्याकडं वळते. मग खडूनं लिहिते: ह्युजेन्स, १६६५.

त्या वर्षीच्या फेब्रुवारीत डच शास्त्रज्ञ ख्रिस्तियान ह्युजेन्स आजारी पडून हेगमधल्या आपल्या खोलीत झोपून होता. लंबकाचं घड्याळ त्यानंच नऊ वर्षांपूर्वी बनवलेलं. समोर तशी दोन घड्याळं एकाच आधारावरून टांगलेली. पडल्यापडल्या त्याच्या लक्षात आलं की दोन्ही लंबक अगदी एकमेकांच्या उलट हलताहेत. हा डावीकडं तर तो उजवीकडं, आणि त्यात तसूभर फरक पडत नाही. त्यानं मुद्दाम त्यांची चाल बिघडवून पाहिली. अर्ध्या तासात ती पुन्हा जुळली. आधी त्याला वाटलं, मधली हवा हे काम करत असेल. मग त्यानं खुर्च्यांच्या पाठींवर फळ्या टाकून त्यांवर घड्याळं लटकवली. घड्याळं जुळेपर्यंत खुर्च्या थरथरत होत्या, जुळल्यावर शांत झाल्या. गुन्हेगार हवा नव्हती, फळी होती. डोळ्याला दिसणार नाही इतकी हलणारी फळी. वडिलांना लिहिलेल्या पत्रात त्यानं या प्रकाराला 'सिंपथी' म्हटलं. आपण सहानुभूती म्हणतो, पण मला इथं 'सहकंप' जवळचा वाटतो.

वर्गात मी इथं थांबते. पुढचा भाग सांगत नाही, आणि तोच जास्त बोलका आहे. ही घड्याळं त्यानं हौस म्हणून टांगलेली नव्हती. समुद्रात जहाजाचं रेखांश काढायचं तर निघाल्या बंदरातली अचूक वेळ जवळ हवी. चार मिनिटांची चूक म्हणजे एका अंशाची चूक. एक घड्याळ बंद पडलं तर दुसरं असावं, म्हणून जोडी. लंडनच्या रॉयल सोसायटीत, म्हणजे तिथल्या शास्त्रज्ञांच्या संस्थेत, ही गोष्ट पोचली तेव्हा तिथल्या लोकांना त्यात चमत्कार दिसला नाही, खोट दिसली. इतक्या बारीक, न जाणवणाऱ्या हालचालीनं जर घड्याळाची चाल बदलत असेल, तर खवळलेल्या समुद्रात त्याचा काय भरवसा? मला ही शंका फार आवडते. ज्याला आपण सुरेल जुळणं म्हणतो, ते कामाच्या माणसाच्या लेखी प्रत्येक घड्याळानं आपली वेळ सोडणं होतं.

तर, घड्याळ परत आणलं ते मी पुन्हा त्याच खिळ्यावर टांगलं. मुद्दाम. काकांचं म्हणणं पटलं नव्हतं असं नाही, पण स्वतः बघितल्याशिवाय राहवेना. दोन्ही घड्याळं आजोबांनी एकाच वेळी घेतलेली, एकेका लेकीला एकेक. लाकूड तेच, लंबकाची लांबी तीच. फरक एवढाच की आईच्या घड्याळाची स्प्रिंग मागं एकदा बदलली होती, त्यामुळं त्याचा झोका जरा ऐटीतला. मावशीच्या लंबकामागं मी आलेख कागदाची पट्टी चिकटवली, दिवे घालवले आणि टॉर्च घेऊन स्टुलावर बसले. सुरुवातीला गोळा दोन्ही बाजूंना पंचवीस-पंचवीस मिलिमीटर जात होता. काही मिनिटांत वीस. मग पुन्हा तेवीस, चोवीस. मग सतरा. श्वास लागलेल्या माणसाची छाती खालीवर होते तसा त्याचा झोका फुगत होता, आक्रसत होता. पार्टिशनवर मधोमध बोटाचं टोक टेकवलं तर काहीच कळेना. मग नखाचं टोक टेकवलं. तेव्हा जाणवलं, अगदी दूरवरून रेल्वे जावी तसं काहीतरी. अकरा वाजून वीस मिनिटांनी गोळा चौदापर्यंत आला, टिकटिकीतला 'टिक' गेला, नुसता लंबक मुका हलत राहिला, आणि थोड्या वेळानं तोही थांबला. शेजारी आईचं घड्याळ ठणठणीत.

झालं काय ते मला आता सांगता येतं. घड्याळाच्या लंबकाला दर झोक्याला एक बारीकशी टिचकी मिळते. दातेरी चाकाचा एक दात सुटतो, सुटताना लंबकाला ढकलतो. घर्षणानं जेवढं गेलं तेवढं ती टिचकी भरून काढते. म्हणून पाठ्यपुस्तकातला आदर्श लंबक आणि घड्याळाचा लंबक यांत जमीनअस्मानाचा फरक. पुस्तकातल्याला स्वतःचं असं काही नसतं, द्याल तेवढा मोठा झोका तो आयुष्यभर घेत बसेल. घड्याळातल्याला स्वतःचा आवाका असतो. जास्त ढकला, दमून परत तेवढ्यावर येईल. थोडं अडवा, सावरून पुन्हा तेवढ्यावर जाईल. 'अरेषीय' हा रुक्ष शब्द आम्ही त्याच्यासाठी वापरतो, आणि परीक्षेत मुलं त्याची व्याख्या बिनचूक लिहितात. पण त्यातली गंमत व्याख्येत नाही. असा दोलक, म्हणजे झोके घेणारी वस्तू, आपल्या आवाक्याबद्दल हट्टी असतो, वेळेबद्दल मात्र मुळीच नाही. झोका मोठा करायला गेलात तर विरोध करेल. पण पुढच्या झोक्याला क्षणभर लवकर ये, किंवा उशिरा ये, असं हलकेच सुचवलं तर ऐकतो, आणि ऐकलं ते परत फेडायला जात नाही. फळीची एवढीशी थरथर म्हणूनच पुरते. हजार बारीक सूचना, प्रत्येक वेळी केसभर.

मात्र सूचना फार जोरात येऊ लागल्या की प्रकरण बदलतं. फळी हलकी असेल, हलती असेल, तर वेळेबरोबर आवाकाही खेचला जातो. आणि आवाका ठराविक मापाच्या खाली गेला की दात सुटतच नाही, टिचकी मिळत नाही, संपलं. हेही जुनंच. ह्युजेन्सनंतर पाऊणशे वर्षांनी, १७४०च्या सुमारास, लंडनमधल्या जॉन एलिकॉट नावाच्या घड्याळजीनं दोन घड्याळांपैकी एक दुसऱ्याला थांबवतं हे लिहून ठेवलं. २००२ साली अमेरिकेतल्या जॉर्जिया टेक विद्यापीठातल्या मंडळींनी ह्युजेन्सचा प्रयोग नव्यानं उभा केला. त्यांना दिसलं की सगळा खेळ लंबकाच्या आणि चौकटीच्या वजनाच्या प्रमाणात आहे. चौकट फार जड, तर घड्याळांना एकमेकांची गंधवार्ताही नाही. फार हलकी, तर एक मरतं. जुळणं होतं ते मधल्या अरुंद पट्ट्यात. ह्युजेन्सची घड्याळं त्या पट्ट्यात पडली ती जहाजावर सरळ उभी राहावीत म्हणून पेट्यांत भरलेल्या शिशामुळं. म्हणजे नशिबानं.

माझ्या मेट्रोनोमांच्या प्रयोगात कधीच कुणी मरत नाही. मी ते तसे निवडलेत.

मावशी आमच्याकडं येऊन दीड वर्ष झालं. गुडघ्याचं ऑपरेशन झालं, एकटीनं राहणं नको म्हणून आम्हीच आग्रह केला. ती आयुष्यभर रात्रीची माणूस. लहानपणी सुटीत तिच्याकडं गेले की रात्री दीडला जाग यायची तेव्हा तिच्या खोलीत दिवा असायचा, पुस्तकाचं पान उलटल्याचा आवाज यायचा, आणि त्या आवाजावर मी पुन्हा झोपायचे. सकाळी साडेआठच्या आत तिच्याशी बोलायचं नाही, हा नियम. आई बरोबर उलटी. पाचला उठणार, साडेनऊला दिवे घालवणार, आणि हे सगळं जगाच्या कल्याणासाठी आहे अशी तिची श्रद्धा. आम्हाला धाकधूक होती, दोघींचं कसं जमणार. जमलं. तीनेक महिन्यांत मावशी पाचला उठू लागली. साडेनऊला तिच्याही खोलीतला दिवा जायचा. एक खोकली की दुसरी खोकायची, एकीनं रेडिओकडं हात नेला की दुसरी म्हणायची "लाव". मी भावाला फोनवर सांगितलं, छान जुळलंय गं बाई दोघींचं. त्यानं विचारलं, कोण कुणाशी जुळलं? मी म्हटलं, म्हणजे काय?

शरीराचं घड्याळ म्हणतात ते मेंदूत, डोळ्यांकडून येणाऱ्या नसा एकमेकींना ओलांडतात त्याच्या जरा वर, वीसेक हजार पेशींचं असतं. त्या पेशी सुट्या करून ठेवल्या तर प्रत्येकीचा दिवस वेगळ्या लांबीचा निघतो. एकत्र असल्या की आपसांत वाटाघाटी करून एक दिवस ठरवतात. तो सरासरी माणसाचा २४ तास ११ मिनिटांच्या आसपास भरतो. ती वरची मिनिटं रोज सकाळचा उजेड कापतो. इथं एक भेद आहे जो मी वर्गात घाईत उरकते. पेशी पेशींशी जुळतात ते देवाणघेवाणीनं. सूर्याशी आपण जुळतो ते एकतर्फी. आपण त्याच्याकडं ओढले जातो, तो आपल्याकडं तसूभरही सरकत नाही. दोन्हींचा आलेख बाहेरून बघितला तर सारखाच दिसतो: दोन रेषा, एक वेग. कोण किती सरकलं हे कळायला दोघं एकटे असताना कसे चालत होते ते माहीत असावं लागतं. आई दीड वर्षात एक मिनिटही हललेली नाही.

१९७५ साली योशिकी कुरामोतो या जपानी शास्त्रज्ञानं याचं जे गणित मांडलं ते अजूनही मला देखणं वाटतं. अगणित दोलक, प्रत्येकाचा आपला वेग, प्रत्येकजण बाकी सगळ्यांकडं थोडाथोडा झुकणारा. झुकाव कमी असेल तोवर काहीही घडत नाही. थोडंसं जुळलं असंही नाही, काहीच नाही. एका ठराविक मापापलीकडं गेलं की अचानक मधल्या वेगाच्या दोलकांचा एक जथा बनतो. फार हळू आणि फार जलद असलेले बाहेरच राहतात, आपापल्या गतीनं जथ्याच्या बाजूनं निघून जातात. जथ्याचा वेग ना तुमचा ना माझा, मधला. सममितीचं गणित आहे, त्यात कुणी थोरली बहीण नाही.

नाटक संपल्यावर हे गणित कानांनी ऐकता येतं. पडदा पडल्यावर आधी धो धो टाळ्या. मग कुठूनतरी त्या एका ठेक्यात येतात, अख्खं सभागृह एक हात होतं. रुमानिया आणि हंगेरीतल्या नाट्यगृहांत टाळ्या ध्वनिमुद्रित करून काही संशोधकांनी २००० साली दाखवून दिलं की जुळण्याआधी प्रेक्षक आपला टाळीचा वेग जवळपास निम्म्यावर आणतात. संथ टाळीत माणसामाणसांतला फरक कमी असतो, म्हणून जुळता येतं. पण टाळ्या निम्म्या झाल्या म्हणजे एकूण आवाजही कमी होतो. मग उत्साह गप्प बसू देत नाही, लोक वेग वाढवतात, की ठेका मोडला. पुन्हा धो धो, पुन्हा संथ. दोन्ही एकदम मिळत नाही. मी अशा ठेक्यात सापडले की मला आधी भरून येतं आणि लगेच अवघडल्यासारखं होतं. एकदा मुद्दाम बेठेक टाळी वाजवायचा प्रयत्न केला. चार-पाच टाळ्यांपलीकडं जमलं नाही, शेवटी हात मांडीवर ठेवून बसले. शेजारच्या बाईंना वाटलं असेल, हिला नाटक आवडलं नाही.

मेंदूचे डॉक्टर तर जुळण्याचं कौतुक ऐकून घेणार नाहीत. अपस्माराचा झटका म्हणजे एरवी आपापलं काम करणाऱ्या असंख्य पेशी एकदम एका ठेक्यात पेटणं. पार्किन्सनमधल्या हाताच्या कंपामागंही मेंदूच्या काही भागांत अति जुळलेल्या पेशी असतात. मात्र हृदयातल्या ठोका देणाऱ्या हजारो पेशींनी एक झाल्याशिवाय आपण इथं नसतो. एकाच गणिताची ही लेकरं, आणि कुठलं लेकरू लाडाचं ते जागेवर ठरतं.

आणि कधीकधी जुळलेलं असतं ते फक्त बघणाऱ्याच्या डोळ्यात. सिग्नलला पुढच्या गाडीचा इंडिकेटर आपल्या इंडिकेटरशी हळूहळू एक होतो, तीन-चार वेळा दोन्ही नेमके एकदम लुकलुकतात, आणि पुन्हा फाकतात. त्या दोघांत काहीही नाही, फळी नाही, वारा नाही. उलटंही झालेलं आहे. आग्नेय आशियात नदीकाठच्या झाडांवर हजारो काजवे एकदम पेटतात आणि एकदम विझतात असं प्रवासी सांगत, तेव्हा १९१७ साली एकानं 'सायन्स' या नियतकालिकात चक्क लिहिलं की हा भास आहे, आपल्याच पापण्यांच्या उघडझापीचा. पुढं साठच्या दशकात जॉन आणि एलिझाबेथ बक हे नवराबायको थायलंडला गेले, काजवे पकडून बँकॉकमधल्या हॉटेलच्या खोलीत आणले आणि अंधारात सोडले. भिंतींवर, पडद्यांवर बसलेले काजवे आधी दोघं, मग तिघं असे जुळत गेले. पापण्यांचा दोष नव्हता. पण त्या पापणीवाल्यावर मला हसू येत नाही. त्यानं निदान स्वतःच्या डोळ्यांवर संशय घेतला.

परवा मी मावशीचं घड्याळ पार्टिशनवरून काढलं आणि तिच्या खोलीत, विटांच्या भिंतीवर, तिच्या पलंगासमोर लावलं. "इथं चालेल ते," मी म्हटलं. ती म्हणाली, "बघू या." ते चालतंय. रोज आईच्या घड्याळापेक्षा अर्धं मिनिट पुढं जातं. गोळ्याखालचा नट अर्धा फेरा खाली घेतला की दुरुस्त होईल, मी अजून घेतलेला नाही. रात्री बाराला आधी एक घड्याळ बारा ठोके देतं, आणि ते संपतात न संपतात तोच दुसरं सुरू होतं. आई सकाळी म्हणाली, "चोवीस वाजतात या घरात. त्यातलं एक बंद कर."

काल त्या चोविसाव्या ठोक्याला मी पाणी प्यायला उठले होते. मावशीच्या दाराखाली उजेड होता. दार लोटलं तर ती चष्मा लावून, पाठीला उशी घेऊन वाचत बसलेली. मला बघून तिनं पुस्तक मिटलं नाही, नुसतं बोट खूण म्हणून आत ठेवलं. मी म्हटलं, "झोप नाही लागत का गं अलीकडं?" ती म्हणाली, "अलीकडं? मला कधी लागली होती बाराच्या आत?"

"अगं पण तुझा दिवा तर साडेनऊला..."

"दिवा," ती म्हणाली. "तुझ्या आईला दाराखालून उजेड दिसला की ती उठून येते. मग मी पडून राहायचे. टिकटिक ऐकत. ते बंद पडलं की कळायचं, आता साधारण साडेअकरा झाले."

पाच वाजता उठायचं तेही तसंच का, हे विचारायचं माझ्या ओठांवर होतं. तेवढ्यात ती म्हणाली, "आणि हे बघ, याची चावी माझ्याकडं दे. आठवड्याला मीच देईन आता."

मी स्वयंपाकघराच्या खणातून चावी शोधून आणून दिली. तिनं ती उशीखाली सरकवली, आणि खुणेचं बोट काढून पुढचं पान उलटलं.